बरोबर, पण हळू

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायची वेळ जवळ आली की मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या अध्ययन अक्षमता केंद्रांत पालकांची धावपळ सुरू होते. मुलगा किंवा मुलगी सोबत असते, हातात फाइल असते आणि फाइलीत पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके. प्रमाणपत्र हवे असते: पेपरला जादा वेळ मिळावा, लेखनिक मिळावा, शुद्धलेखनाचे गुण कापले जाऊ नयेत. ही प्रगतिपुस्तके कुणी सावकाश चाळली तर निदान त्यांत बहुधा आधीच लिहिलेले सापडते. दुसरीत ‘वाचनाचा सराव घ्यावा’. तिसरीत ‘अक्षर सुधारावे’. पाचवीत ‘तोंडी उत्तरे छान देतो, लेखी कामात टाळाटाळ’. सातवीत ‘हुशार आहे, पण मेहनत नाही’. वेगवेगळ्या शिक्षकांनी वेगवेगळ्या वर्षी एकाच गोष्टीची नोंद केलेली असते, आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या कामी आलेली नसते.

दुसरीत दिसत होते त्याला दहावीत नाव का मिळावे? शिक्षकांना झोडपणे सोपे आहे, आणि व्यासपीठावरून ते नेहमीच केले जाते. पण मराठी वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत उशीर होण्याचे एक कारण आपल्या लिपीतच आहे. डिस्लेक्सिया मराठीत लपतो. इंग्रजी पुस्तकांतून आणि सिनेमातून आलेल्या खुणा शोधत बसले तर तो हाती लागत नाही. आजच्या व्याख्यानात मुख्यतः त्याच लपण्याविषयी बोलायचे आहे.

वैद्यकीय साहित्यात नोंदला गेलेला असा पहिला मुलगाही सापडला तो चौदाव्या वर्षीच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या मुलाची हकीकत दिली. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शिकवणे चालू होते. तरी साधे शब्द वाचताना तो अडखळे आणि स्वतःच्या नावातल्या अक्षरांचीही अदलाबदल करी. अंकांत मात्र तरबेज. नऊ आकडी संख्या बिनचूक वाचे, बीजगणिताचे उदाहरण सोडवी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. प्रगतिपुस्तकातला ‘तोंडी उत्तरे छान देतो’ हा शेरा म्हणजे त्याच मताची मराठी आवृत्ती.

त्या काळी या विषयात लक्ष घालणारे बरेचसे डॉक्टर डोळ्यांचे होते. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८७ मध्ये रूढ करणारे रुडॉल्फ बर्लिन हे स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ, आणि ‘जन्मजात शब्दांधता’ या विषयावर १९१७ साली पुस्तक लिहिणारे जेम्स हिन्शेलवुड हे ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद. वाचणे म्हणजे बघणे, तेव्हा दोष नजरेत असणार, हा तर्क साहजिक होता. तो चुकीचा ठरला, पण गेला नाही. आजही मूल वाचत नाही म्हटले की पहिला फेरा चष्म्याच्या दुकानात होतो. डोळे आणि कान तपासून घ्यायलाच हवेत, त्यात वाद नाही. मात्र रंगीत भिंगांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम आणि खास बनवलेले टंक यांवर पैसे घालवणाऱ्या पालकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगे आणि नेत्रव्यायाम यांच्या उपयोगाला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून टाकले आहे. टंकांच्या चाचण्यांतूनही फारसे काही निघालेले नाही.

गोची असते ती ध्वनींची. बोललेला शब्द सुटे सुटे आवाज जोडून बनतो, हे लहान मुलाला आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी ‘मांजर’ म्हणजे मांजर. वाचायला शिकताना त्या अखंड आवाजाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक खूण जोडावी लागते आणि ती जोडणी इतकी पक्की व्हावी लागते की डोळा पडताक्षणी आवाज उमटावा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हे तुकडे पाडणे आणि ती जोडणी वेगवान करणे जड जाते. बुद्धीचा, आळशीपणाचा किंवा घरच्या संस्कारांचा इथे संबंध नाही. आनुवंशिकतेचा मात्र मोठा आहे. मुलाची हकीकत ऐकता ऐकता शेजारी बसलेले वडील अनेकदा हळूच म्हणतात, मीही असाच होतो.

लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक ओळखता येते का, चार शब्दांतला वेगळ्या आवाजाचा शब्द निवडता येतो का, हे त्यांनी तपासले. पुढच्या वर्षांतल्या वाचनाशी त्याचा ठळक संबंध दिसला, आणि ज्या मुलांना आवाजांचा सराव अक्षरांसह दिला ती पुढे गेली. मराठी घरात हा सराव फुकट होत असे. बडबडगीते, भोंडला, प्रवासात रंगणाऱ्या गावांच्या भेंड्या. ‘नाशिक’ नंतर ‘क’ वरून गाव सांगायचे म्हणजे शब्दाचे शेपूट आवाजाने पकडायचे. या खेळात सतत हरणारे, गाव माहीत असून अक्षर न सापडणारे सहा वर्षांचे मूल दिसले तर लक्ष ठेवावे. तेवढ्यावरून निदान करू नये, लक्ष ठेवावे.

आता तिसरीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणू. पुढ्यात ‘बालभारती’ उघडलेले, धडा वर्गात तीन-चारदा झालेला. बाई म्हणतात, वाच. तो घडाघडा वाचतो, कारण धडा त्याने ऐकून पाठ केला आहे. बोट एका ओळीवर, आवाज दुसऱ्या ओळीवर. अनुभवी बाई मग युक्ती करतात: शेवटच्या ओळीपासून उलट एकेक शब्द वाचायला सांगतात. तिथे तो थांबतो. ‘पर्वत’चा ‘परवत’ होतो. ‘गर्दी’वरचा रफार हरवून ‘गदी’ उरते. ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ एकमेकांच्या जागी जातात. ‘शेतकरी’ला ‘शेजारी’ म्हणून तो पुढे सरकतो, कारण पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधायची त्याला सवय लागली आहे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तोच उतारा बाईंनी वाचून दाखवला तर तो गोष्ट नीट सांगतो, वर एखादा खोचक प्रश्नही विचारतो. श्रुतलेखनात ‘मोठा’चे ‘मठो’ आणि ‘दिवाळी’चे ‘दवाळि’. एकाच पानावर ‘शाळा’ हा शब्द तीनदा आला तर तीन रीतींनी लिहिलेला.

पहिलीत या चुका सगळीच मुले करतात. फरक पडतो तो पुढच्या वर्षी. इतरांच्या चुका गळून पडतात, याच्या राहतात. आणि एकदा दुरुस्त झालेली चूक पुढच्या आठवड्यात परत येते. काल येत होते ते आज येत नाही. पालकांना हा हटवादीपणा वाटतो, आणि मार बसतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

आपली लिपी या मुलाला मदतही करते आणि नडतेही. आधी नडणे पाहू. इंग्रजीत चिन्हे सव्वीस. देवनागरीत मुळाक्षरे, त्यांच्या बाराखड्या आणि जोडाक्षरे मिळून ओळखायच्या आकृती शेकड्यांत जातात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरांचा हा संच पक्का व्हायला सुरुवातीची एक-दोन वर्षे पुरत नाहीत, काम त्यापुढेही चालू राहते, असे त्यात दिसले. सुट्या ध्वनींची जाणही सावकाश येते, कारण अक्षराच्या पोटात स्वर दडलेला असतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला की ‘मळ’ उरते, हे मूल चटकन सांगते. ‘की’मधला ‘क्’ काढला तर काय उरते, या प्रश्नावर मोठी माणसेही घुटमळतात. त्यात ऱ्हस्व वेलांटी: लिहायची व्यंजनाच्या आधी, उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या प्रयोगांत या उलटापालटीची किंमत सरावलेल्या वाचकांनाही वेळेच्या रूपात मोजावी लागते असे आढळले. ‘दिवाळी’चे ‘दवाळि’ करणारा मुलगा वेंधळा नाही. लिपीच्या खऱ्याखुऱ्या खड्ड्यात त्याचा पाय अडकला आहे.

मदत अशी की मराठी बरीचशी नियमाने चालते. ‘जसे बोलतो तसे लिहितो’ हा आपला अभिमान पुरता खरा नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत, आणि ‘परतला’ वाचताना मधल्या तमधला अ गिळायचा असतो हे कुठे लिहिलेले नसते. पण इंग्रजीशी तुलना केली तर आपण सुखी. सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतल्या नवशिक्या वाचकांची तुलना केली, तेव्हा बहुतेक देशांतली मुले पहिले वर्ष संपताना साधे शब्द जवळजवळ अचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी सर्वांत मागे होती. मग नियमित लिपीच्या देशांत डिस्लेक्सिया नसतो काय? असतो. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांच्या मेंदूंची वाचतानाची छायाचित्रे एराल्दो पाउलेझू आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. डाव्या बाजूचा तोच भाग तिन्ही गटांत कमी काम करताना दिसला. तरी इटालियन मंडळी बाकीच्यांपेक्षा अचूक वाचत होती. हाइन्झ विमर यांना जर्मनभाषक मुलांत त्याआधीच, १९९३ मध्ये, हेच आढळले होते. डिस्लेक्सिया असलेली ही मुले चुका फारशा करत नाहीत, पण वाचनाला वेळ फार लावतात.

मराठी शाळेतल्या मुलाचे हेच होते. तिसरी-चौथीपर्यंत मरमर करून तो अक्षरे पक्की करतो, रफार सापडू लागतो, चुका कमी होतात. ‘आता येते त्याला वाचता’ म्हणून शिक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चौकशी तिथेच थांबते. तो बरोबर वाचतो, पण हळू. पाचवी-सहावीत इतिहास-भूगोलाची पाने वाढली की हा हळूपणा त्याला गिळतो. प्रश्नपत्रिका वाचून होईपर्यंत वर्ग दुसऱ्या पानावर गेलेला असतो. सगळे बळ अक्षरे उलगडण्यात खर्च झाल्यावर अर्थासाठी काही उरत नाही. मराठीत चुका मोजून डिस्लेक्सिया शोधणे म्हणूनच अपुरे आहे. घड्याळाकडेही बघावे लागते.

माध्यमाचा प्रश्नही यातूनच निघतो. १९९९ मध्ये ताएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी एका किशोरवयीन मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. आईवडील इंग्रजीभाषक, मुलगा जपानमध्ये वाढलेला. जपानी वाचनात तो चांगल्यात चांगल्या समवयस्कांच्या तोडीचा. इंग्रजी वाचनात मात्र सरळसरळ डिस्लेक्सिक. मेंदू तोच, अडचण एकाच भाषेत उघडी पडलेली. आज महाराष्ट्रात घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी मुले लाखांनी आहेत. त्यांतल्या एखाद्याला वाचता येत नसेल तर इंग्रजी कानावर नाही म्हणून, की अडचण खरी आहे म्हणून? एकाच भाषेत तपासून हे कळत नाही. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी ‘डाली’ हे चाचणीसाधन तयार केले आणि ते २०१५ मध्ये खुले झाले. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर त्यात मराठीही आहे. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या वेगळ्या चाळण्या आहेत. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून मराठी मुलाला मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

क्रमाची उलटापालट फक्त वेलांटीत नाही, मराठी संख्यांतही आहे. २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असेही म्हणायची मुभा दिली गेली, तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांच्यावर महाराष्ट्र तुटून पडला. विनोद झाले, विधिमंडळातही गाजले. पण मराठीत पंचवीस बोलताना पाच आधी येतात आणि लिहिताना वीस. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येते आणि दोनवर नऊ लिहावे लागतात. अनुक्रमाशी झगडणाऱ्या मुलासाठी हा अडथळा विनोदाचा नाही. टीकाकारांनी त्या वर्षी एखाद्या दुसरीच्या वर्गात बसून संख्यांचे श्रुतलेखन पाहिले असते तर बरे झाले असते.

इथे एक सावधगिरी हवी. न वाचणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नसते, बहुसंख्य नसतात. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या, म्हणजे ५०.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता; करोनाची वर्षे सरल्यावर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. एवढी मुले काही मेंदूच्या घडणीमुळे मागे नाहीत. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल दिवाळीनंतर शाळेत दिसतच नाही. घरी वारली, पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी प्रमाण मराठीतला धडा मिळतो. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीरला शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षे मुलांचा माग ठेवून ‘लिरिल’ हा अभ्यास केला. वर्गात अक्षर आणि बाराखडीची घोकंपट्टी फार, गोष्ट वाचण्या-बोलण्याला वाव थोडा, आणि तीन वर्षांनीही कितीतरी मुले वाचनापासून दूर, असे चित्र त्यातून पुढे आले.

मग डिस्लेक्सिया कुठला आणि शिकवण्यातली उणीव कुठली, हे ओळखायचे कसे? चाचण्यांच्या भानगडीत लगेच पडू नये, असे या व्याख्यात्याचे मत आहे. दुसरीतल्या मागे पडणाऱ्या सगळ्या मुलांना लहान गटात, रोज, नीट रचलेली मदत द्यावी. ज्यांची अडचण शिकवण्याअभावी होती ती मुले काही महिन्यांत झपाट्याने पुढे सरकतात. जी हलत नाहीत, त्यांचे न हलणे हाच पुरावा. तोवर कुणाचे नुकसानही झालेले नसते. निदानाची वाट पाहत मदत अडवून ठेवणे मात्र सर्वांत महाग पडते.

मुली या चाळणीतून सहज निसटतात. सॅली शेविट्झ यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मुलांचा दीर्घकाळ माग ठेवला. शाळांनी शोधून काढलेल्यांत मुलगे मुलींच्या कित्येक पट होते. संशोधकांनी सरसकट सगळ्यांची चाचणी घेतली तेव्हा प्रमाण जवळपास सारखे निघाले. मुलगा वैतागून दंगा करतो म्हणून दिसतो. मुलगी शेजारणीच्या वहीतून सुबक अक्षरात उतरवते आणि गप्प बसते.

२१ डिसेंबर २००७ ला ‘तारे जमीन पर’ आला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या सिनेमाने एका रात्रीत जे केले ते शंभर शिबिरांनी झाले नसते. पाचगणीच्या निवासी शाळेतला तो ईशान पाहून कितीतरी घरांतले ओरडणे थांबले. पण दोन गैरसमजही पसरले. एक, डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे किंवा नाचणे. दुसरा, अशा मुलात एक चित्रकार दडलेला असतोच. समुपदेशकांना पालक आता विचारतात, मग याच्यात काय आहे हो? बहुतेकांत विशेष काही नसते. ती चारचौघांसारखी मुले असतात आणि बक्षिसे मिळवली नाहीत तरी त्यांना वाचायला शिकवणे शाळेचे कामच असते.

कायद्याच्या बाजूने महाराष्ट्र लवकर जागा झाला. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली ती १९९६ मध्ये, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने अशा विद्यार्थ्यांसाठी सवलती द्यायला सुरुवात केली. देशात हे पहिलेच राज्य. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. मुंबईच्या सायन रुग्णालयातले डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी या मुलांविषयी केलेल्या लेखनाचा पुढे मोठा आधार झाला. केंद्राला त्यानंतर वीस वर्षे लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत हा विषय नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवून दिले: प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे. म्हणजे कायद्याच्या हिशेबानेही तिसरी हा मुक्काम आहे, दहावी नव्हे.

कागदावरचा हक्क परीक्षेच्या खोलीत कसा निसटतो, त्याचे उदाहरण २०२१ चे. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तासाभराचा जादा वेळ नाकारून तिची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने त्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचा निर्वाळा दिला आणि भरपाई कशी करता येईल ते ठरवायला परीक्षा यंत्रणेला सांगितले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

तरी सवलतींविषयी एक तक्रार करायलाच हवी. सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. सातवीचे गणित घेऊन दहावी पार पडते, पण मुलाचे वाचन जिथे होते तिथेच राहते आणि पुढे काही अभ्यासक्रमांची दारे बंद होतात. पालक दारे बंद झाल्यावर हे ऐकतात. सवलत घ्यावी, तिच्यात कमीपणा नाही. पण तिचा अर्थ ‘याला आता वाचायला शिकवायची गरज नाही’ असा होऊ देऊ नये.

शिकवायचे कसे, हे १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. अमेरिकेतले मेंदुविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी घालून दिलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. आवाज, आकार आणि हाताची हालचाल एकत्र. सोप्याकडून अवघडाकडे बांधलेला क्रम. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. आणि रोज थोडे. वाळूत बोटाने अक्षर काढत त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, हे ऐकून आपल्याकडच्या आजोबांना हसू येईल, कारण त्यांचे आजोबा धूळपाटीवरच शिकले. मराठीसाठी क्रम वेगळा लावावा लागतो. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरे ही वर्षभराची वरात काढण्यापेक्षा पाच-सहा अक्षरे आणि काना घेऊन लगेच शब्द, लगेच वाक्य. दिसायला सारखी अक्षरे, म्हणजे घ-ध किंवा भ-म, एकाच आठवड्यात शिकवायची नाहीत. रफार आणि रकार यांच्यात भरपूर अंतर ठेवायचे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्याने काही साधत नाही. मूल दहापैकी सहा वेळा तो चुकीचा लिहिते आणि चूकच पक्की होते.

वर्गात खर्च न करता होण्यासारखेही बरेच आहे. प्रकट वाचनासाठी अचानक उभे करायचे नाही. उद्या वाचायचा परिच्छेद आज सांगायचा, म्हणजे मूल घरी तयारी करून येते. विज्ञानाच्या उत्तरात ‘प्रकाशसंश्लेषण’ चुकीचे लिहिले पण समजले असेल तर गुण द्यायचे. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी पानाचा फोटो चालवून घ्यायचा. आणि घरी कुणीतरी वाचून दाखवत राहायचे, मूल सहावीत गेले तरी; वाचनाचा वेग कमी आहे म्हणून त्याची शब्दसंपत्ती आणि माहिती तिसरीतच थांबता कामा नये.

ऐकून वाचण्याचा रस्ताही मोकळा आहे, पण त्याची माहिती फार थोड्यांना असते. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायला मुभा देणारा मराकेश करार भारताने जून २०१४ मध्ये, जगात सर्वांत आधी, मंजूर केला. तो फक्त अंधांसाठी नाही. डिस्लेक्सियासारखी अडचण असलेले वाचकही त्यात येतात. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय याच वाचकांसाठी आहे. ‘बालभारती’ची पुस्तके इंटरनेटवर मिळतात आणि साध्या फोनमधला आवाज आता मराठी बऱ्यापैकी वाचतो. कॉपी होईल या भीतीने शाळा अजून बिचकतात. चष्म्याला कुणी कॉपी म्हणत नाही.

राहता राहिले शोधण्याचे यंत्र, आणि ते नव्याने उभारायला नको. शाळांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांच्या यादीत अध्ययनातल्या अडचणी २०१३ पासून आहेत. दात आणि वजनाबरोबर तिथेही खूण करायची असते. पायाभूत वाचन-गणितासाठीचे ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून दुसरी-तिसरीच्या मुलांचा वाचनाचा वेगही मोजला जातो: दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०. मराठीत जो हळूपणा एरवी निसटतो, नेमका तोच आकडा शिक्षकांच्या नोंदीत आता आलेला असतो. सध्या तो शाळेची टक्केवारी काढायला वर पाठवला जातो. त्याऐवजी दुसरीच्या बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एवढे करावे: अचूक वाचूनही मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांवर अडकलेल्या मुलांची नावे एका कागदावर लिहून तिसरीच्या बाईंच्या हाती द्यावीत, सोबत काय करून पाहिले तेही लिहावे. वर्गात अशी तीन-चार नावे निघतील. तिसरीच्या बाईंनी जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांना रोज अर्धा तास वेगळा द्यावा आणि दिवाळीनंतर पुन्हा वेग मोजावा. तोवर ही मुले आठ वर्षांची झालेली असतील. ज्यांचा वेग तरीही हलला नाही, त्यांच्या पालकांना त्याच महिन्यात बोलावून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी.